बिनकडीची हळद

मायच्या पुढचा माईक बंद होता.

हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी स्टेजच्या मधोमध पाटावर बसले होते. अंगावर पिवळी साडी, गालाला, हाताला, पायाला हळद. खरी हळद. आमच्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या होत्या, नुसता रंग नको, पुढच्या रांगेपर्यंत वास गेला पाहिजे. माझ्या बाजूला खाली माय बसली होती. तिच्यापुढं थर्माकोलचं जातं. काळा रंग दिलेलं. पडदा वर गेल्याबरोबर तिनं सवयीनं खुंट्याला हात घालून ते फिरवायला घेतलं, तर अख्खं जातं उचलून हातात आलं. पुढच्या रांगेतले लोक हसले. मायनं ते हळूच परत खाली ठेवलं आणि त्यानंतर हात लावला नाही.

मागं संगीत विभागाच्या मुली उभ्या होत्या. पेटी, तबला, सगळ्यांपुढं माईक. गाणं आमचं, गळे त्यांचे. माय पण गात होती. तिला वाटत होतं, आपण पुढं म्हणतोय आणि पोरी मागं म्हणतायत. ती जीव लावून गात होती, मानेच्या शिरा ताणून. तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेल्या मलासुद्धा ते नीट ऐकू येत नव्हतं.

पुढच्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष होते. जमीनदार घरातले, आता शहरात चार शाळा, दोन कॉलेजं. त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या मॅडमना मोठ्यानंच विचारलं, "ही बाई खरोखरची आहे का?"

मॅडम म्हणाल्या, "हो सर. ओरिजिनल."

हे सगळं का झालं, ते सांगते.

आम्ही भिल्ल. खुलताबादच्या पुढं डोंगराच्या कडेला आमची वस्ती आहे. रस्त्यावरून दर्ग्याला जाणारी, लेण्यांना जाणारी माणसं आमच्याकडं बघत जातात, थांबत कुणी नाही. शाळेत मी एकटीच भिल्लाची. एकदा गॅदरिंगला गुरुजींनी आदिवासी नाच बसवला होता. डोक्याला कोंबड्याची पिसं, कमरेला अशोकाची पानं, आणि पोरींच्या तोंडाला काळा रंग. रंग लावणाऱ्या बाई माझ्यापाशी आल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, "हिला नको लावायला. तेवढा रंग वाचंल." सगळे हसले. मीपण हसले. तेव्हा मला वाटलं की माझं कौतुक चाललंय.

तो नाच आमच्यात कुणी नाचत नाही. ती पिसं आमच्यात कुणी घालत नाही. आमच्यात असतं ते वेगळंच असतं, आणि ते बघायला कुणी येत नव्हतं.

आमच्या त्या बाजूच्या वस्त्यांत हळदीचं एकच गाणं आहे. पोर कुणाचीही असो, गाणं तेच. सुरुवात सगळ्यांना पाठ.

हळद लागली, हाताला लागली,
कोण्या डोंगराची लेक गं बसली.

पण ते जसंच्या तसं कधी म्हणत नाहीत. ज्या पोरीला हळद लागते तिच्यासाठी शेवटी एक नवी कडी, म्हणजे एक कडवं, जोडावी लागते. पोरीचं जे काही असेल ते त्या कडीत यायचं. ती काय करते, कुठं जाते, त्या वर्षी काय घडलं. कडी जोडायचा मान पोरीच्या आईचा, नाहीतर आईनं सांगितलेल्या बाईचा. आजीच्या कडीत पळसाचं झाड आहे, कारण रझाकारांच्या धामधुमीत तिची हळद डोंगरातल्या एका घळीत पळसाखाली लपून लागली, आणि पोलिस ॲक्शन होईपर्यंत ती तशीच पिवळी त्या घळीत राहिली म्हणतात. तिची कडी मूळ गाण्यातच राहून गेली; आता प्रत्येक हळदीला आधी पळस येतो, मग पोरीची स्वतःची कडी. आत्याच्या कडीत दुष्काळातला पाझर तलाव आहे. ती त्या तलावाची माती वाहतच मोठी झाली. माझ्या थोरल्या बहिणीच्या कडीत उसाचा ट्रक आहे, त्याचा हॉर्नसुद्धा आहे. बायका तो हॉर्न तोंडानं वाजवतात आणि नवरी लाजून मान खाली घालते.

कडी नसलेलं गाणं आमच्यात एकाच वेळी म्हणतात. बिनलग्नाची पोर मेली तर.

तिला उचलायच्या आधी हळद लावतात, पाटावर बसवतात, मागून एक बाई धरून ठेवते. मग तेच गाणं म्हणतात. कडीपाशी आलं की थांबतात. पुढं काही नाही. हिच्या गाण्यात आता पुढं काही यायचं नाही, म्हणून थांबायचं. मी हे एकदा पाहिलं आहे. माझ्याबरोबर बोरं वेचायला येणारी पोर सापानं गेली. बायका कडीपाशी आल्या आणि गप्प झाल्या. तिची आई मात्र तोंड उघडून तशीच बसून राहिली होती, जणू आता म्हणेल. कुणीतरी तिच्या तोंडावर पदर धरला. मी त्या रात्री जेवले नव्हते.

आमची माय कडी जोडण्यात पटाईत. आसपासच्या वस्त्यांतून तिला बोलावणं यायचं. तिला अक्षर येत नव्हतं, पण पोरीकडं एकदा बघितलं की तिची कडी तयार. कुणी म्हणालं, "माय, तू हे कसं करतीस?" तर म्हणायची, "पोरीच्या पायाकडं बघायचं. कुठं कुठं गेली ते पाय सांगत्यात."

मी शिकले. औरंगाबादला आले. गारखेड्यात एक खोली घेऊन राहिले आणि संगीतात एम.ए. करायला लागले. आवाज मायचा होता, त्यामुळं प्रवेश मिळाला. बोलणं मायचं होतं, त्यामुळं पहिलं वर्ष तोंड उघडायची चोरी झाली. मी "नाय" म्हटलं की वर्गात मागून कुणीतरी "नाय" म्हणायचं.

मॅडम आमच्या विभागप्रमुख. त्यांच्या घरात पूर्वी पूजापाठ आणि कारकुनी, आता डॉक्टर आणि इंजिनिअर. वाईट बाई नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगते. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. मॅडमनी मला घरी बोलावून शिकवलं, एक पैसा घेतला नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी वरणभात खाल्लेला आहे. माझं ताट त्यांनी स्वतः उचललं होतं. माझ्या तोंडून हळदीच्या गाण्याचं ऐकलं तेव्हा त्या वस्तीवर आल्या. गाडी रस्त्यावर ठेवून पायवाटेनं चालत आल्या, झोपडीबाहेर चपला काढल्या, काळा चहा प्यायल्या. मायनं त्यांना गाणं म्हणून दाखवलं, मॅडमनी ते टेप केलं. त्या गेल्यावर माय म्हणाली, "लई साधी बाई हाये. मायाळू."

पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेप लावला. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "सोनं आहे हे. पण मावशींचा सूर कुठल्याच पट्टीत बसत नाही गं. मध्येच उतरतो. आपल्याला जरा स्वच्छ करून घ्यावं लागेल."

त्यांनी ते स्वच्छ केलं. चाल पेटीवर बसवली. 'गं' काढून 'ग' केलं. आमच्या बायका जिथं श्वास टाकतात, जिथं बांगड्या वाजतात, ते सगळं गेलं. मला ऐकताना कसंतरी झालं. पण त्या माझ्या गुरू होत्या. आणि संस्थेच्या लोककला महोत्सवात हे सादर करायचं, त्यात मावशींना स्टेजवर बसवायचं, नवरी म्हणून मी, असं त्यांनी ठरवलं तेव्हा मला आनंदच झाला. त्यांनी जाता जाता असंही सांगितलं, "कार्यक्रम चांगला झाला की तुला पुढच्या वर्षी विभागात तासिकेवर घेऊ. मी अध्यक्षांशी बोलले आहे." आमच्या सगळ्या वस्त्यांत तोवर कुणी कॉलेजात शिकवायला उभं राहिलेलं नव्हतं.

मी मायला आणलं. तिनं तालमीत माझ्यासाठी कडी जोडली. माझ्यासाठी. माझं लग्न ठरलेलं नव्हतं, पण लेकीला हळद लागणार म्हटल्यावर ती कडी घेऊनच आली होती.

लेक माझी शिकली, यष्टीनं गेली,
गारखेड्याच्या खोलीत एकली ऱ्हायली,
टेम्पोत बसून माय तिची आली,
हळद लागली, हाताला लागली.

मुली हसल्या. मॅडमही हसल्या, पण तोंडावर हात ठेवून. म्हणाल्या, "मावशी, यष्टी आणि टेम्पो नको. पळसाचं फार सुंदर आहे. तसंच काहीतरी करा. जंगल आलं पाहिजे, नदी आली पाहिजे. आदिवासी गाणं आहे ना."

माय म्हणाली, "जंगलात फारेस्टवाला जाऊ देत नाय, बाई. आन् आमच्याकडं नदी नाय."

मॅडम म्हणाल्या, "असू दे. मग पळसाच्या कडीवर संपवू. मूळ आहे तेवढंच ठेवू."

मी तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, "मॅडम, कडीशिवायचं गाणं आमच्यात मेलेल्या पोरीला म्हणतात. हळद लावून, पाटावर बसवून. अगदी असंच."

मॅडमचे डोळे चमकले. "अगं, किती सुंदर आहे हे! आधी का नाही सांगितलंस? निवेदनात घेतलं असतं."

मायला ते नीट समजलं नाही. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "कडी नाय म्हनली तर मी लेकीला पाटावर बसू द्यायची नाय."

मॅडमनी मायच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं मावशी. म्हणा तुम्ही तुमची कडी. मनापासून म्हणा." विषय संपला असं आम्हाला वाटलं. माय रात्री खोलीवर मला म्हणालीसुद्धा, "समजून घेतलं बग बाईनं."

कार्यक्रमाच्या दिवशी माय शहागंजातून घेतलेली नवी साडी नेसून आली होती. जांभळी, टिकल्यांची. आमच्यात हळदीला आई नवी साडी नेसते. मॅडमनी ती बघितली आणि कपाळाला हात लावला. भाड्यानं पोशाख देणाऱ्याकडून त्यांनी एक गाठोडं आणलं होतं. त्यात आखूड चौकड्यांचं लुगडं, लाकडी मण्यांच्या माळा आणि दंडाला बांधायची कसली तरी पिसं. म्हणाल्या, "मावशी, हे नेसा. आणि पोलकं काढा, नुसता पदर घ्या. आदिवासी वाटलं पाहिजे."

भाड्याचा आदिवासी आणून आदिवासी बाईला नेसवला. माय पोलकं काढायला तयार होईना. शेवटी पोलकं राहिलं, बाकी सगळं तिनं अंगावर चढवलं. आरशात बघून मला म्हणाली, "मी कोन दिसते गं?" माझ्या गालावर एक मुलगी हळद लावत होती.

मग पडदा वर गेला.

गाणं चाललं होतं. मुली सुरात होत्या, एकदम सुरात, कुठं बोट ठेवायला जागा नाही. पळसाची कडी आली. पेटीनं एक गोड वळण घेतलं आणि थांबली. तबला थांबला. मुलींनी हात जोडले. टाळ्या सुरू झाल्या.

मायनं तेव्हा कडीला सुरुवात केली होती.

मी तिच्याकडं बघत होते. तिचे ओठ हलत होते. डोळे माझ्या पायाकडं. ती यष्टी म्हणत असेल, गारखेडं म्हणत असेल. वर टाळ्या पडत होत्या आणि तिचा आवाज त्यात बुडून गेला होता. मी माईककडं बघितलं. त्याची वायर स्टेजवरच गुंडाळून बाजूला ठेवलेली होती. मुळात ती कुठं जोडलेलीच नव्हती.

मग मला कळलं. समजून घेतलं नव्हतं बाईनं. म्हाताऱ्या माणसाच्या हातात खुळखुळा द्यावा तसा माईक दिला होता.

मी हळद लावून पाटावर बसलेली होते. बिनलग्नाची. गाणं कडीपाशी थांबलेलं होतं. आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मी जिवंत होते आणि माझं मेल्याचं गाणं झालं होतं, माझ्या आईच्या देखत, माझ्या आईलाच तिथं बसवून. मग माझ्या अंगात ताकद आली. ती कुठून आली ते मला आजही सांगता येत नाही. त्याला राग म्हणतात हे नंतर कळलं. तोवर मला नुसतं वाईट वाटायची सवय होती.

मी उठले. मागच्या एका मुलीपुढचा माईक स्टँडसकट उचलला. तिनं धरून ठेवायचा प्रयत्न केला, मी ओढून घेतला. आणि बोलले, "गाणं संपलं नाही. माझ्या मायची कडी राहिली आहे."

टाळ्या थांबल्या. कुणीतरी मागून शिट्टी मारली. मी स्टँड मायच्या पुढं ठेवला.

मायनं त्या माईककडं बघितलं. मग शेजारच्या, गुंडाळलेल्या वायरीच्या माईककडं बघितलं. ती अडाणी होती, बेअक्कल नव्हती. तिला समजलं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि म्हणाली, "नगं, पोरी."

तिचं ते "नगं" मात्र सगळ्या सभागृहानं ऐकलं. कारण तो माईक चालू होता. मग पडदा पडला.

आत मॅडम रडत होत्या. खरंच रडत होत्या. "इतकी वर्षं मी तुमच्या लोकांसाठी झिजले. अध्यक्षांसमोर माझं नाक कापलंस तू. कृतघ्न आहेस."

मी म्हणाले, "मॅडम, मी विभागात येणार नाही."

त्या म्हणाल्या, "तुला बोलावतंय कोण?"

माय खाली बसून माळा काढत होती. दंडाची पिसं सोडून तिनं भाड्याच्या गाठोड्यात नीट घडी करून ठेवली. टिकल्यांची साडी नेसली. बाहेर पडताना तिनं मला विचारलं, "माजा आवाज वाईट हाये व्हय?"

मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मंग बंद कामून केला?" त्यांनी तुझा आवाज बंद केला, कारण तो त्यांना चालत नव्हता, हे सांगायला सोपं आहे. आईला सांगायला सोपं नाही.

एसटीत एका बाईनं माझ्या हळदीच्या हाताकडं बघून मायला विचारलं, "लेकीचं ठरलं वाटतं?" माय खिडकीबाहेर बघत राहिली.

त्यानंतर माय गायली नाही. बोलावणी आली, तिनं घसा दुखतो म्हणून सांगितलं. लोकांनी दुसऱ्या बायका शोधल्या. मी एका खाजगी शाळेत संगीत शिकवायला लागले, गारखेड्यातच राहिले. वस्तीवर जाणं कमी झालं. तिथं गेलं की मायचं गप्प राहणं दिसायचं, ते मला सहन व्हायचं नाही.

मॅडम म्हणायच्या, तुमची गाणी बँजो पार्टीनं बिघडवली. मला ते कधी पटलं नाही. माझा चुलतभाऊ किसन बँजो पार्टी चालवायचा. ढोल गेला, कॅसिओ आला, भोंगे आले. गाण्याची चाल धावायला लागली, म्हाताऱ्या कुरकुरल्या. पण किसन कडीपाशी आला की कॅसिओ थांबवून पोरीच्या आईला माईक द्यायचा. चालू माईक. एका पोरीच्या कडीत तर किसनची फटफटीच आली होती, वाटेत बंद पडलेली, आणि नवरदेवासकट सगळा मांडव हसून लोळला होता. बदललं म्हणून गाणं मरत नाही. आमचं गाणं बदलायचं थांबलं की मरतं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही.

मारलं ते वेगळ्याच गोष्टीनं.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लेकीची हळद होती. पोर शहागंजात साड्यांच्या दुकानात कामाला. मी दुपारी मांडवात पोचले. बायका चुलीपाशी भाजी चिरत होत्या, पोर पाटावर बसलेली, हळद लागत होती. आणि गाणं मोठ्या बॉक्समधून येत होतं. पेटी. तबला. 'ग'. एकदम सुरात.

मॅडमच्या मुली होत्या त्या. महोत्सवाचं रेकॉर्डिंग करून त्याची सीडी काढली होती, 'मूळ आदिवासी गीते' म्हणून. ती शाळेत वाटली गेली, शाळेतून वस्तीत आली, किसनच्या पेटाऱ्यात गेली. मी बहिणीला विचारलं, "हे कधीपासून?"

"लई दिस झाले की. आता समद्या हळदीला हेच लावत्यात. किती गोड म्हनलंय शहरच्या बायांनी. आपल्याला कुटं येतं असं?"

इतक्या पोरी. आमच्याच वस्त्यांतल्या, आमच्याच मांडवात, हळद लावून पाटावर बसलेल्या, आणि गाणं पळसापाशी येऊन थांबलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. भाजी चिरली गेली, जेवणं झाली. आपल्या हातांनी आपल्याच पोरींना. ज्यांनी मायचा आवाज बंद केला त्यांचा आवाज आम्ही घरी आणून मोठा केला होता. त्या दिवशी स्टेजवर मला एकटीला मेल्याचं गाणं म्हटलं गेलं असं मी धरून चालले होते.

बॉक्समध्ये पळस आला. पेटीनं ते गोड वळण घेतलं. मी किसनला म्हटलं, "बंद कर."

"काय झालं अक्का? आता दुसरं गानं लागंल की."

"बंद कर म्हटलं."

त्यानं बंद केलं. पाटावरची पोर वैतागली. "मावशी, काय हे? ऱ्हाऊ दे ना. समद्यांच्या हळदीला हेच असतं."

मी म्हणाले, "तुझ्या हळदीला नसेल."

बहीण माझ्याकडं बघत होती. कडी जोडायचा मान तिचा. मी तिला विचारलं, ती म्हणाली, "मला नाय येत. तूच म्हन." मी मायकडं बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान फिरवली.

मग मी पोरीच्या पायाकडं बघितलं. हळद लावलेले पाय, घोट्यापाशी सुजलेले. आणि पहिल्यापासून गाणं धरलं. पेटीची पट्टी सोडून. माय जिथून उचलायची तिथून, मध्ये जिथं उतरायची तिथं उतरून. दोन म्हाताऱ्या मागं म्हणायला लागल्या. पळस आला. पळसापाशी मी थांबले नाही.

साड्यांच्या दुकानात लेक आमची उभी,
गिऱ्हाइक बसलेलं, लेक आमची उभी,
दिसभर उभी गं, आज तरी बसली,
हळद लागली, हाताला लागली.

पोर हमसून रडायला लागली. हळदीला रडतात तशी नाही. तिची आई चुलीपाशी भाजीचा विळा हातात धरून उभीच राहिली. दुकानात बसू देत नाहीत हे पोरीनं घरी सांगितलंच नव्हतं.

माय उठली आणि आत गेली. मला वाटलं होतं, निदान शेवटची ओळ ती माझ्यामागं म्हणेल. ती म्हणाली नाही. अजूनही म्हणत नाही. तिचा आवाज मी परत आणू शकले नाही, आणि आणेन असं खोटं मी सांगणार नाही. ते नुकसान झालं ते झालं. त्याचे मालक मोकळे फिरतात, व्यासपीठावर बसतात, लोककलेवर बोलतात.

काही लोक माझ्यावर चिडून आहेत. म्हणतात, शहरात राहून आली आणि आम्हाला रीत शिकवते. किसन म्हणतो, "अक्का, पोरांना ते गोड गानं आवडतं, मी काय करू?" मी त्याला सांगितलंय, गोड लाव, कडू लाव, डीजे लाव, माझं काही म्हणणं नाही. पण कडीपाशी थांबव आणि आईला माईक दे. काही ठिकाणी तो देतो. काही ठिकाणी विसरतो. जिथं विसरतो तिथं भांडण होतं, आणि ते भांडण मी करते.

मध्ये मॅडमचा फोन आला होता. आवाज थकलेला. झालं गेलं विसरून जा म्हणाल्या. नवीन महोत्सव आहे, मोठा आहे, तू स्वतः गा, मावशींना आण, फक्त गाणं मूळ स्वरूपात हवं.

मी म्हणाले, "मॅडम, गाणं मिळणार नाही. ऐकायचं असेल तर मांडवात या. खाली बसा. टेप आणू नका."

त्या आल्या नाहीत. येऊ नयेत. मला आता त्यांना काही समजावून सांगायचं नाही, ना त्यांनी समजून घ्यावं अशी वाट बघायची आहे. सुट्टीचा दिवस असो नसो, शाळेतून रजा मिळो न मिळो, आमच्या डोंगरात हळद असली की मी जाते. बोलावलं तरी जाते, नाही बोलावलं तरी जाते. जित्या पोरीचं गाणं कुणीही अर्ध्यात थांबवलं, शहरानं किंवा आमच्याच माणसांनी, तर त्यांनी थांबवलं तिथून पुढं मी म्हणणार.